बेंदूर आणि स्त्रीसन्मानाची सुट्टी



पन्हाळ्याचा डोंगर उतरून वारणेच्या खोऱ्याकडे निघाले म्हणजे कोडोली हे मोठे गाव लागते. उसाचे मळे, दारोदार दुभती जनावरे आणि शेजारीच तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला वारणेचा सहकारी साखर कारखाना, असा हा मुलूख आहे. पावसाळा सुरू झाला की ह्या मुलखात बेंदूर येतो. देशावर अन्यत्र ज्याला पोळा म्हणतात, त्याच जातीचा हा सण. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. दुसऱ्या दिवशी त्याला धुऊन-पुसून शिंगे रंगवतात, अंगावर झूल घालतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. त्या दिवशी बैलाला जू लावावयाचे नाही, त्याच्यावर चाबूक उगारावयाचा नाही, हा नियम कोणत्याही सरकारी राजपत्रात छापलेला नाही. परंतु तो मोडण्याची छाती कोणा शेतकऱ्याला होत नाही. अलीकडे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. तरी ज्यांच्या दारी बैल नाही ते मातीचे बैल मांडून पूजा करतात.

ह्या सोहळ्यात एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बैलाच्या विश्रांतीच्या त्या दिवशी घरातील स्त्री रोजच्यापेक्षा लवकर उठलेली असते. धारा काढणे, गोठा झाडणे, वैरण टाकणे ही नित्याची कामे तिला चुकलेली नसतातच. त्यांत डाळ शिजविणे, पुरण वाटणे, कणीक तिंबणे आणि माणसांची पंगत उठेपर्यंत पोळ्या लाटीत राहणे ह्यांची भर पडते. बैलाची सुट्टी ही तिच्या अंगावरची जादा पाळी होऊन बसते. नागपंचमीला चिरणे, कापणे, तळणे वर्ज्य असते. म्हणजे विळीला आणि तव्यालाही विश्रांती आहे. खंडेनवमीला अवजारे पुसून पूजेला मांडतात. विश्रांती नाही ती विळी-तवा चालविणारीला. नागपंचमीला तवा चुलीवर चढत नाही, म्हणून ती पुरणाची दिंडे उकडीत बसते.

ही तुलना कोणाला खटकेल. स्त्रीची बैलाशी बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. बरोबरी लावावयाची आहे ती कृतज्ञता व्यक्त करण्याच्या दोन रीतींची. ज्याच्या श्रमावर घर चालते त्याचे ऋण कसे मानावे, हे मराठी शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे. प्रथम खांद्यावरचे जू उतरावयाचे आणि मग ओवाळावयाचे. स्त्रीच्या बाबतीत मात्र ओवाळणे तेवढे होते. जू जेथल्या तेथे राहते. स्त्रियांच्या सन्मानार्थ राष्ट्राने एक सार्वजनिक सुट्टी द्यावी, ही सूचना पुष्कळदा पुढे येते. तिचा विचार करताना हाच मुद्दा मध्यभागी ठेवला पाहिजे.

आजची वस्तुस्थिती काय आहे, हे प्रथम पाहू. भारतात राष्ट्रीय सुट्ट्या तीनच : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. बाकीच्या सार्वजनिक सुट्ट्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमाच्या आधारे जाहीर होतात, आणि महाराष्ट्रात त्यांची यादी राज्य शासन दरवर्षी प्रसिद्ध करते. ह्या यादीत शिवजयंती आहे, महावीर जयंती आहे, डॉ. आंबेडकर जयंती आहे, बुद्धपौर्णिमा व गुरुनानक जयंती आहे. ही सर्व नावे तेथे असणे उचितच आहे. लक्ष्मीपूजनाचीही सुट्टी आहे. म्हणजे देवीला स्थान आहे. परंतु ह्या भूमीवर जन्मून, झिजून, काही करून गेलेल्या एकाही स्त्रीच्या नावाने त्या यादीत दिवस नाही.

दिवस नाहीत असे मात्र नाही. ३ जानेवारी ही सावित्रीबाई फुले यांची जयंती महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून पाळली जाते. १२ जानेवारीस जिजाऊंची जयंती येते. १३ फेब्रुवारी हा सरोजिनी नायडू यांचा जन्मदिवस राष्ट्रीय महिला दिन म्हणून ओळखला जातो. ८ मार्च हा आंतरराष्ट्रीय महिला दिन आहे, आणि ३१ मे ही अहिल्याबाई होळकरांची जयंती आहे. ह्या दिवशी कचेऱ्यांतून प्रतिमेला हार घातले जातात, दोन भाषणे होतात, गुलाबाची फुले वाटली जातात, आणि कामकाज पुढे चालू होते. सभा संपल्यावर कार्यालयातील स्त्री घड्याळाकडे पाहते; कारण घरी जाऊन तिला कणीक मळावयाची असते.

कोणी म्हणेल की, देशात सुट्ट्या काय थोड्या आहेत, म्हणून आणखी एकीची भर घालावी? हा आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु सार्वजनिक सुट्टी म्हणजे नुसता रिकामा वेळ नव्हे. आपल्या जीवनात कोणत्या गोष्टीला मोल आहे, ह्याची राष्ट्राने सर्वांसमक्ष दिलेली ती कबुली असते. म्हणूनच सुट्टी मिळविण्यासाठी माणसांनी पूर्वी लढे दिले आहेत, आणि त्यांपैकी एक लढा अस्सल मराठी आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. गिरण्यांत त्या काळी आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १८९० साली, भर सभेत, गिरणीतल्या स्त्रिया उभ्या राहून बोलल्या, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी शहरातील माणूस उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहतो, त्या रविवारच्या पाठीशी त्या सभेचे ऋण आहे.

परंतु त्या सभेत बोललेल्या दोन स्त्रियांना रविवार मिळाला काय? गिरणीतला रविवार मिळाला. घरातला मिळाला नाही. तो अजूनही मिळालेला नाही. शहरातील सुशिक्षित कुटुंबाचा रविवार कसा असतो, हे निराळे सांगावयास नको. चहा दोनदा होतो, न्याहरीला काहीतरी वेगळे हवे असते, जेवणाला एक पदार्थ अधिक असतो, दुपारी पाहुणे येतात, आणि आठवड्याचे साचलेले धुणे-आवरणे त्याच दिवशी निघते. घरातील बाकी सर्वांच्या सुट्टीचा भार एकीच्या खांद्यावर येतो. आणि हे सर्व इतक्या सहजपणे घडते की, त्यात काही अन्याय आहे असे करणारीलाही वाटेनासे होते.

सरकारी पाहणीनेही हीच गोष्ट आकड्यांत मांडली आहे. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर माणसे आपला दिवस कसा घालवितात ह्याची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी १०० मध्ये ८१ जणी दिवसाकाठी घरातील बिनमोलाची कामे करतात असे तीत आढळले. पुरुषांत हे प्रमाण १०० मध्ये २६ एवढेच होते. ही कामे करणाऱ्या स्त्रीचे त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटे जातात, तर ती करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. ज्या कामाला हजेरीपट नाही, पगार नाही आणि निवृत्ती नाही, असे हे पाच तास आहेत. सुट्टीच्या यादीत नवा दिवस घातल्याने ते कमी होणार नसतील, तर तो दिवस केवळ इतरांच्या चैनीचा होईल.

परदेशांत अशा सुट्ट्या झालेल्या आहेत, आणि त्यांचा अनुभव बोधप्रद आहे. १९१० साली कोपनहेगन येथे समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी स्त्रियांचा एक आंतरराष्ट्रीय दिवस असावा अशी सूचना मांडली, आणि १९११ पासून युरोपातील काही देशांत तो पाळला जाऊ लागला. १९१७ साली पेट्रोग्राड येथील कापडगिरण्यांतील स्त्रिया ह्याच दिवशी रस्त्यावर उतरल्या आणि त्यातून रशियातील क्रांतीला तोंड फुटले. पुढे १९६५ साली सोव्हिएत सरकारने ८ मार्च हा सुट्टीचा दिवस केला. परंतु काळाच्या ओघात त्याचे स्वरूप बदलत गेले. हक्कांची भाषा मागे पडली आणि फुले व भेटवस्तू देण्याचा तो दिवस बनला. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट थोडी निराळी आहे. ९ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील सुमारे २०,००० स्त्रिया परवान्यांच्या जुलमी कायद्याविरुद्ध प्रिटोरिया येथील सरकारी वाड्यावर चालून गेल्या आणि अर्धा तास नि:शब्द उभ्या राहिल्या. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९९५ पासून तेथे राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवसाच्या मागे स्त्रियांनी स्वत: केलेले कृत्य आहे.

सर्वांत विचार करण्याजोगा अनुभव मात्र आइसलँड ह्या चिमुकल्या बेटाचा आहे. तेथे स्त्रियांनी सुट्टी सरकारकडे मागितली नाही. ती स्वत:च घेतली. २४ ऑक्टोबर १९७५ ह्या दिवशी देशातील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी कचेरीतील, कारखान्यातील आणि घरातील सर्व काम थांबविले. पुरुषांना मुले कामाच्या ठिकाणी घेऊन जावे लागले. दुकानांतून झटपट शिजणारे सॉसेज संपून गेले. कारण दुसरे काही रांधावयास त्यांना येत नव्हते. शाळा, दूरध्वनी, वर्तमानपत्रांचे छापखाने अडून बसले. तो शुक्रवार तेथील पुरुषांच्या बोलण्यात ‘लांब शुक्रवार’ म्हणून राहिला. पुढच्याच वर्षी तेथे स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचा कायदा झाला, आणि १९८० साली विग्दिस फिनबोगादोत्तिर ह्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. एका दिवसाने एवढे सारे घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जे काम डोळ्यांना दिसत नव्हते ते थांबल्याबरोबर दिसू लागले, एवढे खरे.

आइसलँडच्या स्त्रिया एक दिवस काम थांबवू शकल्या. वारणेच्या खोऱ्यातील स्त्रीला ते कितपत शक्य आहे? येथे सुट्टीच्या प्रश्नाचे खरे मर्म हाती लागते. कोडोलीच्या परिसरात दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला जाणारी बाई रोजाने जाते. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. त्या दिवसाला ती सुट्टी म्हणत नाही, खाडा म्हणते. हा शब्द शहरातील घरांतही मोलकरणीच्या संदर्भात नेहमी ऐकू येतो. पगारी माणसाची सुट्टी आणि रोजंदारीचा खाडा ह्यांच्यामध्ये एका वेळच्या भाकरीचे अंतर असते.

खाड्याचा अर्थ सर्वांत कठोर होतो तो उसाच्या फडात. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडील कारखान्यांच्या मुलखात उतरतात. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल जोडीच्या नावे मिळते, पण पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात. एखाद्या दिवशी काम चुकले तर मजुरी तर जातेच. शिवाय मुकादम खाड्याचा दंड कापतो. आजारपणाचीही त्यातून सुटका नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दर महिन्याचा खाडा टळावा, हे त्यामागील एक कारण होते, ही गोष्ट ऐकणाऱ्याची मान खाली घालावयास लावणारी आहे. ३ जानेवारी काय किंवा ८ मार्च काय, दोन्ही दिवस ऐन गळीत हंगामात येतात. त्या दिवशी शहरात स्त्रीशक्तीवर व्याख्याने होत असतात आणि फडात कोयता चालू असतो.

तेव्हा राष्ट्रीय सुट्टी द्यावयाची तर ती पगारी असली पाहिजे, आणि तिचा पगार जिला महिन्याचा पगार नाही तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या ठरलेल्या आहेत. ह्या नावांत स्त्रीसन्मानाच्या दिवसाची भर घालणे कठीण नाही. पण त्याने दुकानातील आणि कचेरीतील स्त्रीचेच भागेल. शेतमजूर बाई, मोलकरीण आणि ऊसतोडणी कामगार ह्यांच्यासाठी निराळी तरतूद हवी. ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखविली, त्याला वर्षातील एका दिवसाच्या मजुरीची हमी देणे अशक्य म्हणता येणार नाही. निदान त्या दिवशी खाडा धरावयाचा नाही, एवढे तरी कारखान्यांनी आणि मुकादमांनी पाळावे असा नियम करता येईल.

दुभत्या जनावरांचा प्रश्न कोणी हसत हसत विचारील. म्हशीला राष्ट्रीय सुट्टी कळत नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढलीच पाहिजे, आणि दूध वेळेवर डेअरीत गेलेच पाहिजे. हे अगदी खरे. परंतु धार काढावी की काढू नये, हा येथे प्रश्नच नाही. त्या दिवशी ती कोणी काढावी, एवढाच प्रश्न आहे.

आता दिवस कोणता निवडावा, ह्याबद्दल. कोडोली ज्या तालुक्यात आहे त्याचे नावच पन्हाळा. आणि पन्हाळ्याचे नाव घेतले की महाराणी ताराराणींची आठवण अपरिहार्य आहे. हंबीरराव मोहित्यांची ही कन्या १७०० साली राजाराम महाराज निवर्तले तेव्हा अवघी पंचविशीत होती. औरंगजेबाची सारी फौज दक्षिणेत उतरलेली असताना तिने सात वर्षे राज्य सांभाळले, आणि १७०७ साली औरंगजेबच महाराष्ट्रात मरण पावला. कोल्हापूरच्या गादीचा पाया तिनेच घातला. तथापि त्याच पन्हाळ्यावर १७१४ साली तिच्या घरच्याच माणसांनी तिला व तिच्या पुत्राला कैदेत टाकले. पुढे १७३१ साली सातारा आणि कोल्हापूर ह्यांच्यात तह झाला, आणि कोडोलीच्या खोऱ्यातील वारणा नदी दोन राज्यांची सीमा ठरली. आज कोल्हापुरात कावळा नाक्याजवळ ताराराणींचा अश्वारूढ पुतळा दिमाखाने उभा आहे. पराक्रमी स्त्रीला तिच्या हयातीत कोंडावयाचे आणि शतकांनंतर तिचा पुतळा उभारावयाचा, ही समाजाची रीत पुरातन आहे. म्हणून केवळ थोर स्त्रियांच्या गौरवाने हा दिवस भरून काढणे इष्ट नाही. एकीच्या तेजात लाखोंचा अंधार झाकला जाण्याचे भय त्यात असते.

ह्या दृष्टीने ३ जानेवारी हाच दिवस सर्वांत सयुक्तिक वाटतो. सावित्रीबाई फुले यांचे थोरपण तलवारीचे नव्हते, राजकुळाचेही नव्हते. नायगावच्या एका शेतकरी कुटुंबातील ही मुलगी. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. समाजाने टाकलेल्या विधवांना आणि त्यांच्या अर्भकांना १८६३ साली निघालेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात आसरा मिळाला. तेथील सुईणपणाचा आणि संगोपनाचा भार त्यांनी वाहिला. १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. शिकविणे, सांभाळणे, शुश्रूषा करणे हीच कामे घरोघरच्या स्त्रिया करतात. त्या कामांचे सार्वजनिक मोल सावित्रीबाईंनी सिद्ध केले. त्यांच्या नावाच्या दिवशी प्रत्येक घरातील स्त्रीचा सन्मान आपोआप होतो.

सन्मानाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. स्त्रियांना एकत्र बोलावून मान देण्याची आपल्याकडील रूढ रीत म्हणजे हळदीकुंकू. त्यात स्नेह आहे, गोडवा आहे. परंतु त्याच्या उंबरठ्याबाहेर विधवा उभी असते. राष्ट्राची सुट्टी अशी असता कामा नये. ह्या बाबतीत कोल्हापूर जिल्ह्यानेच वाट दाखविली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१७ साली विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला आणि १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ह्या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला की, पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे ह्या प्रथा गावात बंद करण्यात येत आहेत. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून हाच कित्ता सर्व ग्रामपंचायतींनी गिरवावा असे कळविले.

हेरवाडच्या ठरावातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेथे गाव आधी बोलले आणि शासन मागून आले. सुट्टीच्या बाबतीतही दिल्लीच्या किंवा मुंबईच्या राजपत्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. एखाद्या गावाने, कोडोलीसारख्या मोठ्या गावाने तर अगत्याने, ठराव करून असा दिवस सुरू करण्यास काहीच अडचण नाही. त्या दिवशी गावात स्त्रियांचा खाडा धरावयाचा नाही. धार, वैरण, चूल ही कामे पुरुषांनी करावयाची. विधवा, परित्यक्ता, अविवाहिता असा भेद न करता सर्व स्त्रियांची सभा भरवावयाची. आणि त्या सभेत नुसती स्तुती न करता एखादा व्यवहार उरकावयाचा. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुषीने पत्नीच्या नावे करून दिला होता. दरवर्षी ह्या दिवशी गावातील पाच-दहा स्त्रियांची नावे जरी सातबाऱ्यावर चढविण्याचे ठरले, तरी ती ओवाळणी हारतुऱ्यांपेक्षा मोलाची होईल.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांना तर ग्रामसभेचीही गरज नाही. तेथे हा दिवस स्वयंपाकघराच्या दारापासून सुरू होईल. मात्र त्यात एक अट पाळली पाहिजे. घरातील पुरुषांनी मोठ्या हौसेने एक वेळचे जेवण रांधावे, कौतुक करून घ्यावे आणि उष्टी भांडी, ओट्यावरील पसारा व विझलेला उत्साह दुसऱ्या दिवसासाठी ठेवून द्यावा, असे घडले तर ती सुट्टी झाली नाही. ती उधारी झाली, आणि ती व्याजासह फेडणारी कोण हे उघड आहे. घरी मोलकरीण असेल तर तिलाही त्या दिवशी पगारी सुट्टी मिळाली पाहिजे. मालकिणीची सुट्टी मोलकरणीच्या खांद्यावर गेली, तर जू फक्त एका मानेवरून दुसऱ्या मानेवर गेले.

एका दिवसाने काय साधणार, ही शंका शेवटी उरतेच. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा औताला जातो; स्त्रीही दुसऱ्या दिवशी चुलीपाशी परतेल. मग हा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर खांदेमळणीत आहे. आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो, तेव्हा जुवाने पडलेला घट्टा त्याच्या हाताला लागतो. वर्षभर मागून हाकताना जो दिसला नाही, तो त्या दिवशी बोटांना कळतो. जो पुरुष एक दिवस पहाटे उठून गोठा झाडील, भाकऱ्या थापील, मुलांचे आवरील, आजाऱ्याला औषध देईल आणि रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर भांडी घासून पाठ टेकील, त्याला २९९ मिनिटे म्हणजे किती, हे कोणत्याही पाहणीवाचून समजेल. दुसऱ्या दिवशी तो चुलीपासून अगदीच दूर राहू शकेल, असे वाटत नाही.

घरोघरच्या माणसांच्या हाताला तो घट्टा वर्षातून एकदा तरी लागावा, एवढ्यासाठी ही सुट्टी हवी.